मावशीच्या दुकानातून गाडी बदला

४ मे

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि. तू पत्र उभ्यानेच वाचशील, म्हणून बातमी आधी: तुझं स्टेशन माझ्या वाट्याला आलं! वरचं आणि खालचं स्टेशन पुलाने जोडायचं की खालचं कायमचं बंद करायचं, याचा निकाल आमच्या रेल्वे कचेरीत लागायचाय, आणि अहवाल लिहायला साहेबांनी मला बसवलंय.

खालच्या स्टेशनाची अवकळा तू रोज बघतेस. छत गळतं, निम्मे दिवे गेलेले, आणि वरची गाडी पकडायची तर गोदामाला वळसा घाला, रस्ता ओलांडा, मग जिना चढा, असा सगळा द्राविडी प्राणायाम. साहेब म्हणतात, एवढी यातायात करून गाडी बदलतो कोण? मी म्हटलं, मोजून बघू. येत्या मंगळवारी आमची माणसं त्या वळशावर उभी राहतील. आकडा भरला तर पूल, नाही तर कुलूप. आणि कुलूप लागलं तर तुझ्या शिवणाच्या दुकानात गिऱ्हाईक येणार कुठून? मी एकाच वेळी नाचतेय आणि धास्तावलेयही.

लोभ कर, पण उत्तर त्याहून लवकर कर.
तुझी ठकी

१३ मे

चि. ठकीस,
अ. उ. आ. तुझ्या माणसांची काय बडदास्त ठेवली म्हणून सांगू! सकाळीच तिघं जण कागद घेऊन वळशावर हजर. त्या गर्दीत बिचारे मोजणार कसे? धक्के लागणार, आकडा चुकणार आणि बोल लागणार माझ्या भाचीला.

तुला ठाऊक नसेल, तू नोकरीला गेल्यावर मी दुकानाला मागचं दार पाडून घेतलं. पुढचं दार खालच्या स्टेशनाच्या तोंडाशी, मागचं वरच्या जिन्यापाशी. तेव्हापासून बरेचसे लोक दुकानातूनच पार होतात. जाताना पँट आखूड करायला टाकतात, येताना नेतात. त्या दिवशी तर मी कसलीच हयगय केली नाही. इस्त्रीचं टेबल सरकवलं, बाकडं बाहेर काढलं, दारात उभी राहिले आणि येईल त्याला आत घातलं. म्हटलं, आज वळशाकडे जायचं नाही, तिकडे कचेरीचं काम चाललंय. दिवसभर तिथे कुत्रं फिरकलं नाही बघ! तुझी माणसं जाताना म्हणाली, इतकं निवांत काम जन्मात केलं नव्हतं.

जेवणखाण वेळेवर कर, आशीर्वाद आहेतच.
तुझी मावशी

१७ मे

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि. अगं बाई माझे! सोय करायच्या नादात तू माझ्या पायावर धोंडा पाडलास की! तुझं पत्र यायच्या आधीच आकडा टेबलावर आला होता: दिवसभरात दोन पाहुणे आणि एक वाट चुकलेला फेरीवाला. साहेबांनी स्टेशन बंद करण्याचा कागद टाइप करायलाही दिला.

मग तुझं पत्र आलं. वाचता वाचता इतकी मोठ्यांदा हसले की शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ दचकले. तशीच पत्र घेऊन साहेबांच्या खोलीत घुसले. ते आधी रागावले, मग चष्मा काढून हसत सुटले आणि शेवटी म्हणाले, पुन्हा मोजा. बुधवारी मोजणी तुझ्या दुकानात! हात जोडते मावशी, त्या दिवशी कुणाचीही सोय करू नकोस. नुसती शिवत बस.

रागावले तरी माया तीच आहे.
तुझी ठकी

३० मे

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि. जिंकलो! साहेबांनी बेरीज दोनदा करायला लावली तरी आकडा हलेना. पूल मंजूर, छत मंजूर, दिवे मंजूर!

आता पुढचं लिहायला हात धजत नाही. पुलाची रेघ आखली, ती तुझ्या पुढच्या दारातून मागच्या दारापर्यंत सरळ जाते, म्हणजे दुकान पाडावं लागेल. गोदाम फोडून पूल न्यायचा तर खर्च परवडत नाही, मग पुन्हा कुलूपच. साहेबांनी तुझी संमती मागितलीय. तू नाही म्हणालीस तर मी तुझ्याच बाजूने उभी राहीन, मग काय व्हायचं ते होवो.

तुझीच, रडवेली
ठकी

६ जून

चि. ठकीस,
अ. उ. आ., आणि आधी डोळे पूस.

मोजणीच्या दिवशी तू सांगितलंस तशी मी नुसती शिवत बसले आणि लोकांकडे पहिल्यांदाच धड पाहिलं. पोर कडेवर घेऊन धावणारी नर्स, ओझ्याने वाकलेला माळी, आणि ते कुबडीवाले मास्तर. ते रोज माझ्या उंबरठ्याला अडखळतात आणि वर मलाच माफ करा म्हणतात. इतकी वर्षं मला वाटायचं, ही सगळी माझ्याकडे येतात. ती आपल्या वाटेने चालली होती गं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मशीनला हात लावला नाही.

आज संमतीवर सही केली. मागच्या गल्लीत एक खोली बघितलीय, उजेड बरा आहे. ज्याला शिवून हवंय तो तिथवर येईल.

सही करून आले आणि गवंड्याला बोलावून उंबरठा काढून टाकला. पूल व्हायला वर्ष लागेल म्हणतात. तोवर मास्तरांनी का अडखळायचं?

लोभ आहेच. भेटायला येशील तेव्हा वरच्या गाडीने ये, पुढच्या दारातलं सिमेंट अजून ओलं आहे.
तुझी मावशी