तुरीच्या फोटोतली कापलेली पट्टी

मी, कैलासचंद हुकुमचंद छाजेड, वय एकाहत्तर, धंदा कापड दुकान, राहणार मंगरूळपीर, जिल्हा वाशिम, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी शुद्ध जागेवर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून लिहून घेतलेले नाही. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. मन त्यांनी तपासले नाही. ते ठीक नाही, पण कायद्याला तेवढे चालते असे वकील म्हणाले.

वकिलांचे म्हणणे असे की शेठ, मिळकतीचे तेवढे लिहा, बाकीचे गाऱ्हाणे कशाला. मी त्यांचे ऐकले नाही. मिळकत थोडी आहे, गाऱ्हाणे मोठे आहे.

कलम १. राहते घर आणि बँकेत जे काही असेल ते सर्व माझी पत्नी सौ. तारामती हिच्या एकटीच्या मालकीचे होईल. तिच्या हयातीत मुलाने किंवा सुनेने घर विकण्याची गोष्टसुद्धा काढू नये. ती मला आयुष्यभर म्हणत आली, "रानातली झाडं पाहाले मैलोगणती जाता, अन् दारातली जास्वंद वाळून राह्यली ते दिसत नाही." (ती हे मारवाडीत म्हणते, मी मराठीत लिहितो.) तारा, तुझे बरोबर होते. जास्वंदही तुझ्याच नावे करतो.

कलम २. दुकान माझा मुलगा मयंक याला देतो. तो पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे, गादीवर बसणार नाही हे मला माहीत आहे. त्याने दुकान भाड्याने द्यावे, विकावे, माझी हरकत नाही. अट एकच. शेजारच्या टेलरच्या दुकानात उघडणारी, मधल्या भिंतीतली खिडकी बुजवू नये. गिऱ्हाईक माझ्याकडे कापड घ्यायचे आणि मी ते त्या खिडकीतून शिवायला पलीकडे द्यायचो. पलीकडे शेख फय्याज शेख करीम बसायचा. मी मापून देणारा, तो कापणारा. उभा जन्म असा गेला. आता तिथे त्याचा मुलगा शादाब बसतो, हात चांगला आहे त्याचा. पण मी खिडकीकडे पाहत नाही.

कलम ३. कॅमेरा, त्याची लेन्स, स्टँड आणि पिशवी कु. जिकरा शेख फय्याज हिला देतो. ती शेलूबाजारच्या शाळेत शिकवते, रोज जीपने जाते येते. मयंकला वाटेल, हा कॅमेरा मी पहिल्या पगारातून बाबांना घेऊन दिला आणि बाबांनी परक्याच्या मुलीला दिला. बेटा, कारण लिहितो. वाचल्यावरही राग आला तर येऊ दे.

तू कॅमेरा दिलास तेव्हा मी माणसांचे फोटो काढणार होतो. पहिला फोटो फय्याजचा काढायला खिडकीत गेलो, तर त्याने तोंडापुढे कापड धरले. म्हणाला, "जिवाचा फोटो मी घरात लावत नाही, शेठ, अन् माहा बी काढू देत नाही. डोंगर काढा. पानी काढा. मी संगं येतो." आधार कार्डापुरता त्याने काढू दिला होता, त्यात तो दुसराच कोणी दिसतो. तर मी डोंगर काढायला लागलो. त्यानेही एक जुना कॅमेरा घेतला. दर रविवारी सकाळी आम्ही माझ्या स्कूटरवर निघायचो, कधी मेडशीच्या बाजूला, कधी तलावावर, आणि अकोल्याहून फोटो छापून आले की पुढच्या रविवारी माझ्या दुकानाच्या गादीवर ते मांडायचे.

मांडण्याची रीत फय्याजनेच घातली. ज्याचा फोटो, त्याने तोंडात लवंग धरायची. लवंग चघळून संपेपर्यंत त्याने बोलायचे नाही, दुसऱ्याने बोलायचे. रमजानात त्याचा रोजा, पर्युषणात माझा उपास, तेवढे दिवस गादी बंद. माझा पहिला फोटो पाहून तो काय म्हणाला ते मला पाठ आहे. "शेठ, तुमी दुकान मांडता तसा फोटो काढून राह्यले. सगळा माल समोर! डोंगर बी, झाड बी, बैलगाडी बी, ढग बी. गिऱ्हाइकानं पाहावं तं काय पाहावं?" मला असा राग आला की लवंग कडकड चावून गिळली. तोंड दिवसभर जळत राहिले. पण दुसऱ्या दिवशी फोटो पुन्हा पाहिला, तर खरेच दुकान मांडले होते.

मीही त्याला सोडत नव्हतो. तो इतका घट्ट फोटो काढायचा की डोंगराला मान वळवायला जागा नसायची. मी म्हणायचो, "अरे, शिवणीत कापड सोडतोस ना दोन बोटं? मग डोंगराच्या वर आभाळ काहून सोडत नाहीस?" एकदा तो उठून निघून गेला. आता बोलणार नाही असे वाटले, तर खिडकीतून चहाचा ग्लास आला आणि मागून आवाज आला, "तुमचं खरं हाये. पण सांगाची ही काय पद्धत?"

जिथे कापायचे तिथे तो टेलरच्या खडूने फोटोवर रेघ मारायचा. माझी कबुली आली की त्याच्या मोठ्या कात्रीने सरळ कापायचा. मग मूळ फोटो कॅमेऱ्यातूनही पुसायला लावायचा. म्हणायचा, "कापलं म्हंजे कापलं. मांगं पाह्यचं नाही." कापलेल्या पट्ट्या मात्र मी फेकत नव्हतो. कापडवाल्याचा हात, कटपीस फेकवत नाही. गादीखालच्या कटपीसच्या खणात त्या पडलेल्या आहेत: विजेच्या तारा, खांब, म्हशीची शेपटी, कोणाच्या तरी शेताची पाटी. त्या सगळ्या पट्ट्याही जिकराने घ्याव्यात. आपण काय काय काढून टाकतो हे शिकणाऱ्याने पाहावे.

कलम ४. आमच्या गावातले सराफ पारस यांना माझ्या फोटोंपैकी एकही देऊ नये. त्यांना तो आवडेल.

हे मुद्दाम लिहितो. पारसने निसर्गप्रेमींचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि नियम केला, फक्त चांगले बोलायचे. एका साहेबांनी सूर्यास्त टाकला, सगळ्यांनी हात जोडले, फुले टाकली. फय्याजने लिहिले, "मधला खांब टाळता आला असता. दोन पावलं डावीकडे." एवढेच! पारसने त्याला ग्रुपमधून काढले आणि मला फोन केला, "भैया, आपला माणूस समजून सांगतो, त्या टेलरले आवरा." मी म्हणालो, आपला माणूस असशील तर तुझा धबधब्याचा फोटो किती हलला आहे ते मी तुला सांगतो. मीही ग्रुप सोडला. तो मला पुन्हा पुन्हा घेतो, मी पुन्हा पुन्हा सोडतो. माझ्यामागे त्या ग्रुपवर माझा फोटो हार घालून टाकला जाईल. त्याखाली "अप्रतिम" असे कोणी लिहिले तर मयंकने ते काढायला लावावे. वकिलांनी हे वाक्य गाळायला सांगितले होते. गाळले नाही.

कलम ५. तलावाकाठच्या बाभळीचा फोटो माझ्यापाशी आहे. त्याची वासलात पुढे लावली आहे, आधी तो काय आहे ते सांगतो.

मागच्या हिवाळ्यात फय्याजला अकोल्याच्या दवाखान्यात ठेवले होते. त्या रविवारी मी पहिल्यांदा एकटा गेलो आणि हा फोटो काढला. बाजूला सांगायला कोणी नव्हते. बाभूळ बरी आली, पण तलाव असा तिरपा आला की पाणी एका अंगाला सांडेल. हे मला छापून आल्यावर तत्काळ दिसले. मुद्दामच घेऊन गेलो. म्हटले, याला राग येईल, दोन शब्द बोलेल, चेहऱ्यावर जरा रंग येईल. त्याच्या बायकोने, नजमुन्निसाभाभींनी, त्याच्या पाठीशी उशी लावली. मी फोटो त्याच्या हातात दिला आणि सवयीने तोंडात लवंग टाकली.

त्याने पुष्कळ वेळ पाहिले. मग म्हणाला, "छान हाये, शेठ."

झाले. लवंग तोंडात तशीच.

बाहेरच्यांना यात काय वाईट ते कळणार नाही. "छान" हा फय्याजचा गिऱ्हाइकाचा शब्द होता. अंगाला शोभत नाही असे कापड कोणी हट्टाने शिवून घेतले, आरशापुढे उभे राहून विचारले, की तो म्हणायचा, "छान दिसते, साहेब." माझ्या फोटोला तो कधी छान म्हणाला नाही. फार झाले तर "आता बरा हाये". त्या दिवशी त्याने मला गिऱ्हाईक केले. मी दवाखान्याच्या नळापाशी जाऊन तोंडावर पाणी मारत उभा राहिलो, म्हणजे रडलो ते कोणाला दिसू नये. त्याच आठवड्यात फय्याज गेला.

त्याला तिरपे दिसलेच नाही, की दिसले आणि त्याने मला सोडून दिले? मला माहीत नाही. विचारायला तो नाही. हे मला घासाघासाला आठवते. मला जेवण जात नाही ते पोटामुळे नाही, तारा, यामुळे आहे.

नंतर तो फोटो मी दुकानात टांगला. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, वा शेठ, काय बाभूळ आहे. मी कोणाशी भांडलो नाही. एक दिवस जिकरा भावाचा डबा घेऊन आली, खिडकीतून वाकून पाहिले आणि म्हणाली, "चाचा, पानी सांडून राह्यलं ना. कोनी सांगलं नाही का तुमाले?" गिऱ्हाईक समोर होते, हातात मीटर होते, आणि मी एवढा बाप्या हुंदके देऊन रडलो. पोर घाबरली, माफी मागायला लागली. म्हटले, बाई, माफी मागू नकोस, अजून बोल. कॅमेरा तिला का देतो, ते हे.

कलम ६. आता शेवटची मिळकत. कलम तीनमध्ये लिहिलेल्या खणात, फय्याज गेल्यावर, मला एक पट्टी सापडली. मेडशीच्या पुढे फुललेल्या तुरीचा माझा फोटो आहे, मागे टेकडी, सकाळचे ऊन. माझा सगळ्यात चांगला फोटो तोच. तो काढताना मी बांधाआड बसलो होतो आणि फय्याज माझ्या बाजूला उभा होता. सूर्य पाठीशी. त्याची लांब सावली डाव्या कोपऱ्यातून पिवळ्या तुरीत गेली होती. डोक्यावर टोपी, कमरेवर हात. गादीवर फोटो मांडला तर त्याने लगेच खडूची रेघ मारली. "हे कापा. डोळा टेकडीवर जाण्याआधी माह्यावर अडकते. अन् सावली बी मानसाचीच ना, शेठ." मी लवंग संपवली, विचार केला, कबूल झालो. त्याने कापले.

एवढ्या वर्षांच्या सोबतीत त्याचा माझ्याकडे उरलेला फोटो म्हणजे ही बोटभर रुंद पट्टी. मी ती मागून चिकटपट्टी लावून फोटोला जोडली आणि तो फोटो गल्ल्यावर ठेवला. रोज पाहत होतो. आणि खरे सांगतो, फोटो बिघडला. टेकडीकडे डोळा जातच नाही, कोपऱ्यातच अडकतो. माझा तर तिथून हलतच नाही.

भाभी एकदा ईदच्या कपड्यांसाठी दुकानात आल्या तेव्हा त्यांना तो दिसला. पाहताक्षणी ओळखले. पदर तोंडाला लावून खाली बसल्या. मी म्हटले, भाभी, तुम्हाला पाहिजे तर घ्या. त्या मान हलवून नाही म्हणाल्या. मग विचारले, "त्यायनं कापाले सांगलं होतं ना, भाईसाब?" मी म्हटले, हो. "मंग काहून जोडलं?" मी त्यांचे ईदचे कापड मापायला घेतले.

मग मी विचार करून असे ठरवले आहे. फय्याजने सांगितले ते खरे होते, आणि खरे बोललेले मी त्याच्यामागे फिरवणार नाही. माझ्या जिवंतपणी मात्र माझ्या हातून ते होत नाही, कात्री हातात घेतो आणि परत ठेवून देतो. म्हणून मी गेल्यावर, घरातून मला उचलण्याआधी, जिकराने बापाची मोठी कात्री घेऊन यावे आणि जुन्या खडूच्या रेघेवरून तो फोटो सरळ कापावा. कापलेला फोटो दुकानात त्या खिडकीवर लावावा. खाली माझे नाव घालायचे तर फय्याजचेही घालावे.

पट्टी माझ्या सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवावी. बाभळीचा फोटो घडी घालून तिच्यासोबत.

आणि माझ्या तोंडात एक लवंग ठेवावी. हे कोणाला विचित्र वाटेल, समाजातले लोक बोलतील. मयंकने ऐकून घ्यावे आणि ठेवावी. मेल्यावर आमच्यात कोणी कोणाला भेटत नाही, जो तो आपल्या कर्माने पुढे जातो. फय्याजच्यात भेटतात. तो मला म्हणायचा, "तिथं बी गादी मांडू, शेठ." त्याचे खरे निघाले, तर मी आधी काही बोलू नये. त्याने बोलावे. बाभळीच्या फोटोचे त्याने अजून सांगायचे आहे.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे. खालील दोन साक्षीदारांसमोर मी सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली. दोघांचाही या मिळकतीत काही हिस्सा नाही.

(सही) कैलासचंद हुकुमचंद छाजेड

साक्षीदार:
१. (सही) लखीराम देवला राठोड, निवृत्त शिक्षक, रा. मंगरूळपीर
२. (सही) गोमतीबाई शंकर इंगोले, निवृत्त परिचारिका, रा. मंगरूळपीर

ठिकाण: मंगरूळपीर, जि. वाशिम
दिनांक: १९ जानेवारी २०२५, रविवार