भिंतीकडची ओळ

शनिवार, सकाळ

प्रिय भोंगाबाई,

ठक्, ठक्, ठकठक. लाकडी डस्टर टेबलावर आपटून आपले मास्तर ठेका धरायचे, तो आवाज आठवतोय का तुला? खडूची भुकटी उडायची, पहिल्या बाकावरचे शिंकायचे, आणि त्या ठेक्यावर अख्खा वर्ग कविता म्हणायचा. तीही अर्धी अर्धी. खिडकीकडच्या बाकांवर आम्ही मुलगे, भिंतीकडे तुम्ही मुली. आम्ही म्हणायचं, ‘डोंगरमाथी मेघ उतरले, वाट कुठे ती हरपुन गेली’, मग डस्टर दोनदा वाजायचं आणि भिंतीकडून तुमचं उत्तर यायचं. अशाने दोन्ही बाजू जाग्या राहतात, अशी मास्तरांची समजूत. झालं काय, की आम्हा खिडकीवाल्यांना जन्मभर प्रत्येक कवितेची पहिली ओळ तेवढी पाठ, आणि दुसरीच्या नावाने शंख. कारण तुमची ओळ चालू असताना आम्ही दम खायचो. मी तर ती ओळ ऐकायचोच नाही. त्या एवढ्या गलक्यात तुझा आवाज कुठला, ते ऐकत बसायचो. आणि तो सापडायला काही कष्ट पडत नसत. उगाच नाही सगळा वर्ग तुला भोंगा म्हणायचा.

तर, गेल्या शनिवारी तुझी वाट बघून आमची बस निघाली. माझ्याच दारावरून निघायची होती, म्हणून चांगली लांबवता आली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवून गल्ली डोक्यावर घेतली. मी पायरीवर उभा राहून तुला फोन लावत होतो, फोन वाजत होता, तू उचलत नव्हतीस. शेवटी आमच्या कॅप्टनबाई खाली उतरल्या. या कोण, तर शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या बाई, आमच्या म्हाताऱ्यांच्या टोळीच्या म्होरक्या. गळ्यात शिट्टी अजून आहे. म्हणाल्या, “आजोबा, डोंगर थांबतो, पण अस्वल थांबत नाही. चढा.” चढलो. तुझ्यासाठी मुद्दाम खिडकीची जागा धरली होती. म्हटलं, जन्मभर भिंतीकडे बसलीस, आता जरा बाहेर बघ. त्या जागेवर आमच्या वहिनींनी बिस्किटांचा डबा ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “भावजी, डबा तरी नीट धरा. तोंड पाडायला पुढे तीन दिवस आहेत.”

खरं सांगतो, मी रागावलो होतो. तू फोनवर हो म्हणाली होतीस. मी सगळं सविस्तर सांगितलं होतं. शनिवारी सकाळच्या गाडीने ये, आमच्याकडे चहा घे, मग निघू. दोन मुक्काम डोंगरात. अस्वलं दिसतात, रानबकऱ्या दिसतात. तुझ्या गुडघ्यांना झेपेल एवढीच चढण आहे. आणि ऐटीत असंही म्हणालो होतो, की दाराशी आलीस की नुसती बेल वाजवू नकोस, तुमची ती भिंतीकडची ओळ म्हण, म्हणजे मला कळेल कोण आलंय. तू प्रत्येक वाक्याला “हो, हो, बरं” म्हणत होतीस. एवढ्या होकारानंतर माणसाने न यावं, न कळवावं? मग मला गेल्या वर्षीचा शाळेचा मेळावा आठवला आणि अधिकच लागलं. तिथे मी तुझ्याशेजारी उभा राहून आमची ओळ हळूच म्हटली होती. एवढ्या वर्षांत ती दुसऱ्या कुणासमोर म्हटली नव्हती. तू छान हसलीस आणि म्हणालीस, “हो ना, गर्दी फारच झालीय.” बसभर मी तेच चघळत होतो. विसरली. साफ विसरली. आपणच वेडे.

पण डोंगर काही माणसाला फुगून बसू देत नाही. बस सोडली आणि दाट झाडीतली वाट लागली. कॅप्टनबाईंनी रांगेत उभं करून नियम सांगितला: या रानात अस्वलं आहेत, आणि अस्वलाला सगळ्यात वाईट काय वाटत असेल तर अचानक कुणी समोर येणं. तेव्हा इथून माथ्यापर्यंत गप्प चालायचं नाही. बोला, गा, भांडा, पण आवाज करा. सुरुवातीला सगळ्यांनी खोकून पाहिलं. मग हवापाणी झालं, गुडघे झाले, रक्तदाब झाला. अर्ध्या तासात विषय संपले. तेव्हा वहिनी म्हणाल्या, “आमच्या भावजींना कविता येतात. घरात अस्वल काय, पाहुणेसुद्धा टिकत नाहीत.”

मग काय, मी लागलोच. काठी दगडावर आपटून ठेका धरला, ठक्, ठक्, ठकठक, आणि छाती भरून ‘डोंगरमाथी मेघ उतरले’ सोडून दिली. ओळ संपली. काठी दोनदा वाजली. पुढे काही नाही! सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. मी म्हटलं, पुढची ओळ आमच्याकडे नाही, ती भिंतीकडे आहे. कुणाला काही समजेना. समजावून सांगितलं, तर कॅप्टनबाई वाटेत बसून हसायला लागल्या. पण कवायतीच्या बाईच त्या; म्हणाल्या, रिकामी जागा ठेवायची नाही, भरा. आणि मग जे सुरू झालं ते तू ऐकायला हवं होतंस. मी माझी ओळ म्हणायची, आणि मागून ज्याला जे सुचेल ते. ‘वाट कुठे ती हरपुन गेली’ म्हटलं की वहिनी म्हणायच्या, ‘चष्मा घाला, समोर आहे!’ कुणी म्हणे, ‘पायमोजे ते भिजून गेले.’ प्रत्येक नवी ओळ आधीच्यापेक्षा वाईट. पण ठेका चुकला नाही, आणि ठेक्यावर पाय असे पडत गेले की माथ्यावरची लाकडी झोपडी दिसली तेव्हा आपण दमलोय हे कुणाच्या लक्षातच नव्हतं. अस्वल अर्थातच एकही दिसलं नाही. टेलरभाऊ म्हणाले, “दिसणार कुठून? कानांवर पंजे ठेवून पलीकडच्या डोंगरात पळाली असतील.”

हे टेलरभाऊ म्हणजे आमच्याच रस्त्यावरच्या शिवणाच्या दुकानाचे मालक. दुकान आता मुलगा बघतो. त्यांच्याविषयी थोडं सांगायचंय, म्हणून थांबतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे सगळं उलटं. आता अस्वल पळवायचं नव्हतं, बघायचं होतं. कड्याच्या काठावर फळकुटांची एक अंधारी खोली आहे, लपून बघायला. पुढच्या भिंतीला आडव्या फटी. तिथे शिरायच्या आधी बाईंनी सांगितलं की आता शब्द नाही, शीळ नाही, खोकला आला तर गिळा. बोलायचं ते खांद्यावर. पुढच्याने मागच्याच्या खांद्यावर एक थाप दिली तर थांब, दोन दिल्या तर बघ. आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “आजोबा, तुमच्या मेघांना आज सुट्टी.” आम्ही एकामागे एक शिरलो. माझ्यापुढे टेलरभाऊ. बसल्याबसल्या त्यांनी कानातून ऐकायचं यंत्र काढलं, सुयांच्या छोट्या डबीत ठेवलं आणि डबी खिशात घातली. मी बघतच राहिलो. यांना कमी ऐकू येतं हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. समोरच्या उतारावर उन्हाची तिरीप आली. धुकं खालून वर चढत होतं आणि मध्येच विरत होतं. आणि माझ्या खांद्यावर दोन थापा पडल्या. सगळ्यांच्या आधी टेलरभाऊंनी पाहिलं होतं. लालसर झुडपांत एक मोठी अस्वलीण निवांत बोरं ओरपत होती, आणि तिची दोन पिल्लं शेजारच्या बर्फाच्या पट्ट्यावरून घसरत होती. खेळत होती गं! एक खालपर्यंत घसरायचं, अंग झाडायचं, धापा टाकत वर चढायचं आणि पुन्हा घसरायचं. दुसरं चढताना त्याचा पाय ओढायचं. आईने एकदा मागे वळून अशा काही चेहऱ्याने पाहिलं, की डस्टर घेतलेले मास्तरच आठवले. मी मागे दोन थापा दिल्या, माझ्या मागच्याने त्याच्या मागे. वहिनींनी तोंडात रुमाल कोंबला. आमच्या कडक कॅप्टनबाई डोळे पुसत होत्या. एक शब्द न बोलता आम्ही सगळी म्हातारी माणसं हसून हसून लोळायची बाकी होतो. वरच्या कड्यावर रानबकऱ्यांची रांग उभी होती, त्याही बघत होत्या. मला तर वाटतं, त्या आम्हालाच बघत होत्या.

बाहेर आल्यावर मी टेलरभाऊंना म्हटलं, तुम्ही कधी बोलला नाहीत. ते झोपडीच्या पायरीवर बसून यंत्र पुसत होते. म्हणाले, “सांगायची लाज वाटायची. दोन-तीन वर्षं लपवलं. गिऱ्हाईक काहीही म्हणो, मी हो म्हणायचो. ज्याला ऐकू येत नाही ना आजोबा, तो नाही कधीच म्हणत नाही. नाही म्हटलं की लोक ‘का?’ म्हणून विचारतात. हो म्हटलं की गप्प बसतात. लोकांच्या विजारी आखूड व्हायला लागल्या, तेव्हा मुलाने कान धरून दवाखान्यात नेलं.” सगळे खो खो हसले. मी हसलो नाही. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मला तुझं “हो, हो, बरं” ऐकू येत होतं.

उतरताना पुन्हा झाडी लागली, पुन्हा माझी काठी वाजायला लागली, पण या वेळी मी मागच्यांच्या ओळींकडे लक्ष देत नव्हतो. मेळाव्यात तू सगळ्यांच्या ओठांकडे बघत होतीस. विनोदाला एक क्षण उशिरा हसत होतीस. आणि तुझा आवाज, ज्याची आम्ही जन्मभर थट्टा केली, तो जरा जास्तच मोठा झाला होता. मी तुझ्या कानाशी इतक्या हळू म्हणालो होतो, की धडधाकट कानालाही ऐकू गेलं नसतं. तू विसरली नव्हतीस. तुझ्यापर्यंत पोचलंच नव्हतं. काय सांगू, मला इतका आनंद झाला, की मी ओळ चुकलो. आपल्या माणसाला ऐकू येईनासं झालंय हे कळल्यावर आनंद होणारा असा मी वेडा. रागावू नकोस.

म्हणून हे पत्र. परत आल्यापासून फोन करतोय. वाजतो, वाजतो आणि बंद होतो. मेसेज तू उघडत नाहीस, हे सगळ्या वर्गाला ठाऊक आहे. अक्षर मात्र माझं तुला वाचता येतं, माझ्या वहीतून तू काही कमी उतरवलेलं नाहीस. तर आता शांतपणे वाच. बर्फ वितळला की आमची टोळी पुन्हा जाणार आहे आणि तुझी जागा मी धरली आहे, खिडकीची. तिथे कानांचं काही काम नाही. झाडीत ओरडायचं असतं, आणि तुझ्याइतकं मोठ्याने ओरडणारं आमच्यात कुणी नाही. वर गप्प बसायचं असतं, तिथे सगळेच बहिरे. मधल्या वाटेवर मी आहे. आणि ये म्हणतोय ते नुसतं डोंगरात नव्हे. या वयात याहून उघड बोलायला मला अजून लाज वाटते, पण अर्धी कविता घेऊन एवढं आयुष्य काढलं, आता उरलेलं तरी पूर्ण म्हणावं असं वाटतं. या वेळी ‘हो’ म्हणायचं असेल तर नीट वाचून म्हण.

तुझाच,
खिडकीतला चष्मिस

ता. क. पाकीट चिकटवायला घेतलं आणि दाराची बेल वाजली. वाजली म्हणजे काय, कुणीतरी बटणावर बोट ठेवून उभंच आहे, आत वाजतेय की नाही याची खात्री नसल्यासारखं. वहिनी मागच्या अंगणातून ओरडतायत, “भावजी, बघा कोण आहे, बेल जळेल!” खिडकीतून वाकून पाहिलं. पायांत नवेकोरे बूट. पाठीवर कुणा नातवाची रंगीबेरंगी सॅक. हातात काठी. बस कुठे दिसत नाही म्हणून रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे बघणं चाललंय. शनिवार! अगं, शनिवार बरोबर, पण हा नव्हे, मागचा! आणि आता मान वर करून, सगळी गल्ली दणाणेल अशा आवाजात:

‘एक पाखरू गात निघाले, दरी धुक्यातुन हसू लागली!’

हीच. हीच ती ओळ. आलो गं, आलो! पण इथून ओरडून काय उपयोग. खाली येतो, आणि खांद्यावर दोन थापा देतो.