वाचकबुवांची डुलकी

सांता क्लारा, २ मार्च १९८५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. साष्टांग घातला तर तिथेच झोप लागेल, म्हणून नमस्कार उभ्यानेच घालतोय.

तुझ्या वाढदिवसाला आपण दोघांनी मिळून चिरूट समुद्रात फेकले, त्याला आज सहा दिवस झाले. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते तुला ठाऊकच आहे. घशातली गाठ साधी आहे, पण धूर थांबला नाही तर वर्षभरात आवाज जाणार. आणि चिरुटांच्या कारखान्यातल्या वाचकाचा आवाज गेला, तर त्याने काय कादंबरी हातवारे करून दाखवायची?

चिडचिड होईल, हात चाळवतील, याची तयारी होती. पण हा थकवा! सकाळी उठतो तोच दमलेला. बुटाची नाडी बांधून झाली की वाटतं, आजचं काम झालं. कुणाशी बोलावंसं वाटत नाही, उशीत तोंड खुपसून पडावंसं वाटतं. त्यातून आमचं हे दालन. एकशेचाळीस माणसं दिवसभर चिरूट वळतात आणि कारखान्याकडून मिळणारे आपल्या हक्काचे ओढतातही. मी उंच खुर्चीवर बसून सकाळी वर्तमानपत्र आणि दुपारी कादंबरी वाचतो, आणि सगळा धूर माझ्याकडेच वर येतो. पहिल्या बाकावरची नेरेइदा मोठ्या मनाने म्हणाली, की तुझ्यासाठी आम्ही धूर पोटात ठेवू, तू फक्त जांभया आवर, त्या आम्हालाही लागतात.

तुला कसं जातंय? लोभ आहेच, सध्या तेवढ्यावरच मी जागा आहे.
तुझा एव्हेलिओ

हिबारा, ८ मार्च

चि. एव्हेलिओस,
अ. उ. आ. (आशीर्वाद जागेपणी घ्यावेत.)

मला विचारशील तर मला काही म्हणजे काही होत नाही. पाचला उठते. सगळ्या मच्छरदाण्या धुतल्या, शेजारच्या एउलोहियाची भिंत रंगवून दिली. सहासष्टाव्या वर्षी मी हे करते, आणि तू अठ्ठावन्न वर्षांचा घोडा नाडी बांधून दमतोस!

दवाखान्यातली मुलगी सांगत होती, की इतकी वर्षं शरीराला धुराच्या चाबकाने हाकलं. आता चाबूक गेल्यावर ते बसकण मारणारच. दोन-चार आठवड्यांत आपलं आपण उठतं. तोवर भरपूर पाणी पी, जेवल्यावर पंधरा मिनिटं आडवा हो, संध्याकाळी चौकात फेऱ्या मार. आणि माणसांतून उठून जाऊ नकोस. नेरेइदा टोमणे मारते, पण उशी तेवढंही करत नाही.

जपून राहा, आणि माझ्यावर लोभ कर, निदान चिडू तरी नकोस.
तुझी ताजीतवानी ताई, ओर्तेन्सिया

सांता क्लारा, १४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. घात झाला.

सध्या एका कप्तानाची कादंबरी चालू आहे. मंगळवारी मी त्याला पुरला. दालन ढसाढसा रडलं. काल दुपारी वाक्याच्या मध्यावर माझा डोळा लागला, आणि हात मागची पानं उलटत राहिला असावा. दचकून जागा झालो आणि समोर दिसलं ते वाचू लागलो. मेलेला कप्तान आपल्याच विधवेला लग्नाची मागणी घालू लागला.

वाचन आवडलं की तंबाखूचं पान कापायचं पातं बाकावर आपटायचं आणि नाही आवडलं तर जमिनीवर फेकायचं, ही आमच्याकडची रीत. बावीस वर्षांत माझ्यासाठी एकही पातं जमिनीवर पडलं नव्हतं. काल झाडून सगळी पडली. वाचक निवडतं ते दालन, काढतंही तेच. शुक्रवारी, २२ तारखेला मतदान आहे. समोर अर्सेनिओ आहे. वय तिशीचं, आवाज गोड, आणि माणूस चांगला जागा.

नेरेइदाने आपल्या वाट्याचा एक चिरूट माझ्या पुस्तकावर ठेवला. म्हणाली, की त्या दिवशी सकाळी एकच ओढ, डोळे लख्ख उघडतील. मी तो खिशात ठेवलाय. मला या खुर्चीवाचून दुसरं काही येत नाही, ताई. तुझ्यासारखी माझी हाडं नाहीत. तू भिंती रंगवतेस आणि मी हा असा. फार लाज वाटते.

रागावलीस तरी लोभ ठेव.
एव्हेलिओ

हिबारा, १८ मार्च

एव्हेलिओ,
आशीर्वाद नंतर. आधी तो चिरूट खिशातून काढ.

मी सोडलाच नव्हता. समुद्रात माझ्या हातून पडले ते एउलोहियाच्या नवऱ्याचे, भुंगा लागलेले. माझे चांगले तांदळाच्या डब्यात होते. पाचला उठत होते ती ओढायलाच. भिंत तर मी रंगवलीच नाही, अजून तशीच कळकट आहे. मला वाटलं, ताईला सोपं जातंय असं दिसलं की तू टिकशील. आणि तू माझ्या थापांशी स्वतःला मोजत बसलास! पत्र वाचून मला रडू आलं रे.

शनिवारी तुझं पत्र हातात पडलं आणि त्याच पावली मी डबा एउलोहियाच्या नवऱ्याच्या हवाली केला. आज तिसरा दिवस. काल मासळीच्या रांगेत मी उभ्या उभ्या झोपले. आठ बायका पुढे निघून गेल्या, नववीने मला खांब समजून माझ्या हाताला पिशवी अडकवली. तुझ्या बुटाची नाडी मला आता कळली.

तुझे बावीस दिवस झाले, माझे तीन. या बाबतीत तूच थोरला. मला सांग, हे संपतं ना?

टपालावर भरवसा नाही, म्हणून बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतेय. लोभ उरला असेल तर असू दे.
तुझी खोटारडी ताई

सांता क्लारा, २३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. एकशे एकतीस विरुद्ध नऊ. खुर्ची माझीच.

आधी अर्सेनिओने वाचलं, आणि झकास वाचलं. मग मी चिरूट नेरेइदाला परत केला आणि वर चढलो. कप्तानाला तोंड दाखवायचा धीर होईना, म्हणून तुझी दोन्ही पत्रं वाचली. न विचारता वाचली, माफ कर. आधी मच्छरदाण्यांचं, मग तांदळाच्या डब्याचं. भिंतीच्या थापेपाशी पोचलो तेव्हा दालन हसून हसून लोळलं. तुला रडू आलं ते वाक्य मला दोनदा वाचावं लागलं, आणि गाठीला उगाच दोष कशाला देऊ? शेवटी पाती बाकांवर अशी आपटली, की अंगणातला पहारेकरी धावत आत आला.

दालनाने अट घातली आहे: दर शुक्रवारी तुझं पत्र. म्हातारी टिकते की नाही हे कळल्याशिवाय कप्तानाला हात लावायचा नाही, असा ठराव मंजूर झालाय. त्या नऊ जणांनीही यावर हात वर केले.

तू विचारलंस, संपतं का. सोमवारपासून मी दुपारी जागा असतो. सकाळी अजून पाय ओढतच येतो, पण येतो. मला थोरला म्हणालीस, तर आता ऐक. ताजीतवानी असल्याचं पुन्हा लिहू नकोस. झोपलीस तर झोपले लिही, ओढलास तर ओढला लिही. मी तेही मोठ्याने वाचीन, आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळे तुझ्याबरोबर पुन्हा एकपासून मोजू.

तुझा,
एव्हेलिओ