मावशीची पायवाट

सोमवार, ३

आले एकदाची! घर चिमुकलं, पण माझं. स्वयंपाकघरात सकाळचं ऊन, नळाला धो धो पाणी. खोड एकच: फाटकापासून दारापर्यंतची काँक्रीटची जुनी पायवाट. आठ खण, आणि आठही झाडाच्या मुळांनी उचलून फोडलेले. सामान आणताना मीच दोनदा ठेचकाळले, तिथे मावशीच्या वॉकरचा काय निभाव लागणार? आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. तेव्हापासून मला वाढवलं ते मावशीने. घराची सोय होईपर्यंत म्हणून तिला वृद्धाश्रमात ठेवलंय. पायवाट काढून सपाट फरशी घातली की तिला आणणार. फोनवर तसं सांगितलं. घाई करू नकोस म्हणाली, पण फार उशीरही लावू नकोस.

बुधवार, ५

गवंडी तोंडाने फटकळ, हाताने पक्का. खणाखाली पहार घालून उचकटायचा, मग घणाने फोडायचा. दोन दिवसांत आठही खण गोण्यांत भरून गेले. उद्याच फरशी बसवतो म्हणाला. मी म्हटलं, थांबा, रंग ठरायचाय.

रंग ठरलेला होता. लिहायलाही लाज वाटते, पण रोजनिशीशी कशाला खोटं बोलू? तीन दिवसांत कुणी हाक मारली नाही. चहा गरम असताना प्यायला मिळाला. हे सुख सोडवेना. मावशीला फोनवर सांगितलं, अजून खोदकामच चाललंय.

शनिवार, ८

सकाळी फाटकाशी पहिला खण परत जागेवर! नवा, ओलसर, गुळगुळीत. त्यात वॉकरच्या पायांचे चार गोल ठसे आणि बाजूला फरफटलेल्या अनवाणी पावलाची खूण. मावशी डावा पाय ओढते.

गवंडी आला तो तडकलाच. दुसऱ्याला काम द्यायचं होतं तर तसं सांगायचं, म्हणाला, आणि हत्यारं उचलून चालता झाला. मी त्याला जाऊ दिलं. काही सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

सोमवार, १०

तीन खण. आश्रमातल्या ताईंचा फोन आला. मावशी पलंगावरून उतरत नाही, तरी रोज सकाळी तिच्या तळव्यांना सिमेंट लागलेलं असतं म्हणे. आणि दिवसभर विचारते, न्यायला कधी येणार. मी म्हटलं, पायवाट अर्धी झालीय. जीभ कशी रेटली माझी!

मंगळवार, ११

पाच. ठसे सगळे दाराकडे येणारे. परतीचा एकही नाही.

ताईंचे चार फोन. उचलले नाहीत. उचलले असते तर न्यायला येते म्हणावं लागलं असतं—

बुधवार, १२

सात. ताईंचा निरोप— मावशी काल दुपारी गेली. ते चार फोन तेव्हाचे. तिला माझ्याशी बोलायचं होतं.

अंत्यविधीला तुम्ही येईपर्यंत थांबतो, असं लिहिलंय त्यांनी. मी गेले नाही. फाटकापर्यंत जायचं तर त्या ठशांवरून— आणि तिथे जाऊन तोंड कसं दाखवू?

गुरुवार, १३, दुपार

आठ. पुरी झाली. कुठे उंचवटा नाही, फट नाही. मी केली नाही म्हणून तिने केली. एवढं आजारी माणूस—

वॉकर पायरीला लागला. ऐकलं मी.

हाक मारतेय. रागावलेली नाही. दमले गं, जरा टेकू दे, म्हणतेय.

मावशीच ना ही? तापात माझ्या उशाशी बसायची, तीच. तिला काय भ्यायचं? उठते. दार उघडते.

उठले. हात कडीकडे जाईना. खुर्ची ओढली, दाराला लावली. मग टेबल—

तिने ऐकलं. म्हणाली, असू दे बाळ, थांबते मी.

थांबलीय. श्वास ऐकू येतोय. आणि मी, मी तर आता कपाट कसं हलवायचं ते