काठोकाठ भरलेला प्याला

मी, होल्मुरोद तोजीबोयेव, वय सत्त्याहत्तर, राहणार मर्गिलान, भौतिकशास्त्राचा निवृत्त शिक्षक, माझ्यामागे काय व्हावे ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. कोणाचा धाक नाही. मला धाक घालील असे माझी मुलगी मख्फिरत सोडून कोणी उरलेलेही नाही.

१. राहते घर आणि अंगणातली जर्दाळूची दोन झाडे मख्फिरतची.

२. पुस्तके शाळेला द्यावीत. उष्णतामापक देऊ नयेत. एक मुख्याध्यापकांनी 'दोन दिवसांसाठी' नेला, त्याला एकोणीस वर्षे झाली. मी त्यांना माफ केलेले नाही.

३. माझे वडील फुटलेले प्याले तारेच्या टाक्यांनी सांधून देत. त्यांचे दोरीचे गिरमीट आणि टाक्यांची डबी रिश्तानला राहणारे माझे थोरले भाऊ, म्हणजे आमच्या बोलीत अका, नोर्मत यांना द्यावी. ती माझ्याकडे राहायलाच नको होती.

दरवर्षी मी वर्गात एक प्याला फोडायचो आणि विचारायचो, "हा आपोआप जुळताना कोणी पाहिलाय?" मग सांगायचो, की बाकीच्या नियमांना काल आणि उद्या सारखेच. पण पसारा आपोआप वाढतो, आपोआप आवरत नाही. त्याच्या मापाला एंट्रॉपी म्हणतात आणि ती जिकडे वाढते तिकडे आपला उद्या असतो. एकदा एक मुलगी म्हणाली, "पण सर, तुमचे वडील जोडायचे ना?" मी म्हणालो, "जोडायचे. पण त्यासाठी तासन्तास बसायला लागतं, बाळ."

इथवर वाचून मख्फिरत म्हणते, "बाबा, मृत्युपत्र लिहिताय की आठवीचा तास घेताय?" तिने पुढचे वाचावे.

४. वडील १९८४ साली वारले. तेव्हाच्या सरकारला धर्म चालत नसे; शिक्षक जनाज्याच्या नमाजाला दिसला की नोकरी जायची. मी शाळेच्या भिंतीआड उभा राहिलो, वडिलांना खांदा दिला नाही. नोर्मत अकांनी माझ्याशी बोलणे टाकले, ते बरोबरच होते.

आठ वर्षांनी ते आपणहून माझ्या दारी आले. मला इतका आनंद झाला की चहा ओतायला मी स्वतःच बसलो. आमच्याकडे पाहुण्याला चहा घोटभरच ओतायचा, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो. भरलेला प्याला म्हणजे 'प्या आणि निघा', हे आमच्या पोरासोरांनाही ठाऊक असते. पण माझ्यातला मास्तर आडवा आला. भरलेला प्याला उशिरा निवतो आणि आम्हाला तर आठ वर्षांचे बोलायचे होते. मी काठोकाठ ओतला.

अकांनी प्याल्याकडे पाहिले. "कळलं," म्हणाले आणि टोपी घालून निघून गेले.

काय घडले ते मला फाटक वाजल्यावर उमगले. धावत गेलो असतो तर कोपऱ्यावर गाठले असते. पण मलाही राग आला, की सख्ख्या भावाने एवढे ओळखू नये? म्हटले, काळ जाईल तसे होईल सगळे ठीक. आपोआप काही जुळत नाही हे तीस वर्षे शिकवणारा माणूस एकतीस वर्षे ही आशा धरून घरात बसला. याची मला लाज वाटते.

५. गेल्या महिन्यात मी रिश्तानला गेलो. अका आता त्र्याऐंशीचे आहेत. त्यांनी माझा हात धरून मला मानाच्या जागी बसवले.

"बसा हो, निवांत बसा. माझा भाऊ येईलच एवढ्यात. मास्तर आहे तो, लई हुशार."

"अका, तो मीच. होल्मुरोद."

ते हसले. "थट्टा करता होय म्हाताऱ्याची? तो तरणा आहे. केस काळेभोर."

"तुमचं भांडण झालं होतं ना त्याच्याशी?"

"भांडण? छे हो. भावाभावांत कसलं भांडण?"

त्यांचा मुलगा म्हणाला, ते रोज असेच सांगतात. मी संध्याकाळपर्यंत तिथे बसलो आणि तेही माझ्याबरोबर दाराकडे बघत बसले.

म्हणून शेवटची सूचना. माझ्या जनाज्याला नोर्मत अकांना बोलावू नये. मी गेल्याची बातमीही त्यांना देऊ नये, गिरमीट आणि डबी देतानाही नाही. ते भावाची वाट बघत आहेत. बघू द्यावी.

वाचून पाहिले, बरोबर आहे, सही करतो.
होल्मुरोद तोजीबोयेव

समक्ष सह्या:
मस्तुरा युल्दाशेवा, शेजारीण, रेशीम विणकर
अब्दुखालिक निशोनोव, माजी विद्यार्थी

मर्गिलान, ११ नोव्हेंबर २०२३