मोठ्याने बोलायची सवय

बोरिवली,
१२ फेब्रुवारी १९८४

रत्नाच्या बाबांना मालनचा नमस्कार.

संपात तुमची मिल बंद पडली ती पडलीच. तुम्ही गावी निघालात तेव्हा मी दारातूनच म्हटलं होतं, "जा खुशाल. चौदा वर्षं तुमचं ओरडणं ऐकलं, आता माझ्या कानांना जरा आराम मिळू दे." तुम्ही पिशवी उचललीत आणि गेलात.

मला आरेच्या डेअरीत लागून पाच महिने झाले. बाटल्या धुवायच्या मशीनवर असते. दिवसभर बाटल्यांचा असा खणखणाट, की शेजारणीशी बोलायचं तरी बोंब मारावी लागते. काल घरी रत्नाला म्हटलं, "ताट घे गं." पोरगी दचकलीच. म्हणाली, "आई, चिडलीस कशाला?"

मी कुठे चिडले होते? भात वाढत होते.

मग तुम्ही आठवलात. मिलमधल्या कापड विणायच्या साच्यांच्या खडखडाटातून घरी येऊन "मीठ दे" म्हणायचात आणि मी दोन दोन दिवस तोंड फुगवून बसायचे. तुम्ही नुसतं मीठच मागत होतात ना?

नोकरी मी सोडणार नाही. गावी राहायलाही येणार नाही. तुम्हीच इकडे या. डेअरीत माणसं घेताहेत, अर्ज आणून ठेवलाय.

हे पत्र आज पेटीत टाकणार होते. पण कागदावर आवाज कुठे ऐकू येतो? त्यापेक्षा शुक्रवारच्या एस.टी.ने मीच न्यायला येते. अंगणातूनच हाक मारीन. सगळी वाडी गोळा झाली तरी होऊ दे. तुम्ही तेवढं ओळखा, मी चिडलेली नाही.

तुमची,
मालन