दोन नावांची एकच गोळी

बुधवार, संध्याकाळ. बडनेरा

राग जातच नाही. आरोग्य केंद्राच्या फेरीत साखर तपासायला विमलकाकूंच्या घरी गेले, तर काकू घामाने भिजलेल्या, हात थरथरत होते, मला ओळखेनात. साखर पार खाली गेली होती. साखरेचं पाणी पाजलं, तेव्हा कुठे हळूहळू भानावर आल्या.

डब्यात दोन पाकिटं सापडली. एक अमरावतीच्या डॉक्टरांचं, जुनं. दुसरं अकोल्याच्या दवाखान्याने घरी सोडताना दिलेलं. नावं वेगळी, औषध एकच! काकू दोन्ही घेत होत्या, म्हणजे साखर उतरवणारी गोळी दुप्पट. जुनी गोळी बंद करा, असं त्यांना कोणी सांगितलंच नाही. एकट्या राहणाऱ्या बाईने ओळखायचं कसं?

दवाखान्यात फोन केला. डॉक्टर म्हणाले, "चिठ्ठीवर लिहिलंय ना." इंग्रजीत लिहिलंय. काकूंना मराठीच जेमतेम वाचता येतं. मग पुण्याला त्यांच्या मुलाला सांगितलं, तर तो म्हणे, "आईले एवढंबी कावून समजत नाही?" दोन नावं, एकच औषध, हे त्याला तरी समजलं असतं का?

जुनं पाकीट मी काढून घेतलं. निघताना काकूंनी हात धरला.

"माह्यापायी तुमाले तरास झाला बाई. माफ करा."

आज दिवसभरात माफी मागितली ती एकट्या त्यांनीच.